घड्याळ वहिनींच्या कपाटात ठेवा

ताई, नमस्कार.

मी कराडचा. वय 46, सहकारी बँकेत शाखाधिकारी. चार वर्षांपूर्वी साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. प्रीतिसंगमावर चालता चालता पळायला कधी लागलो ते माझं मलाच कळलं नाही. पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2 तास 47 मिनिटांत केली, दुसरी 2 तास 31 मध्ये. मेडल टांगायला हॉलमध्ये खिळा ठोकला. तिसऱ्या वर्षी 2 तास 20 च्या आत यायचंच म्हणून पाच महिने कसून तयारी केली. आलो 2 तास 33 ला.

त्या दिवसापासून मन उडालंय. साडेचारचा गजर वाजतो, मी बंद करून कूस बदलतो. बूट दाराशी तसेच पडून आहेत. ग्रुपवर सगळे रोज आपापले किलोमीटर टाकतात, ते बघून पोटात कालवतं. प्रेरणादायी व्हिडिओ बघितले की अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बँकेतला एक क्लार्क मागे लागलाय, 'साहेब, मलाही घेऊन चला.' पण त्याच्याबरोबर पळालं तर माझा पेस बिघडतो. बायको म्हणते, 'पूर्वी पळून आलात की आंघोळीला जाताना गुणगुणायचात. गेलं वर्षभर घरात शिरता ते मनगटाकडे बघतच.' तिचं खरं असेल.

हुरूप परत कसा आणू? की वय झालं म्हणून सोडून देऊ?

– एक वाचक, कराड

प्रिय कराडकर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. ते वाक्य 2 तास 33 मिनिटांचं नाही. 'त्याच्याबरोबर पळालं तर माझा पेस बिघडतो,' हे ते वाक्य. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण त्यावरून तुमचे कान उपटायचे आहेत आणि ते काम मला सावकाश करायला आवडतं.

आधी वयाचं बघू. शेहेचाळीस हे सोडून द्यायचं वय नव्हे. मी सायकलवर बसले तीच मुळी पन्नाशीच्या तोंडावर. तुमचं 2 तास 31 वरून 2 तास 33 वर येणं हे वयाचं लक्षण धरायला मी तयार नाही. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट मला ठाऊक आहे. समर्थ मंदिर मागे पडलं की चढ सुरू होतो तो संपायचं नाव घेत नाही, आणि वळून खाली येताना मांड्या विचारतात, आमचं काय चुकलं? त्यात सप्टेंबरचं हवामान. एखाद्या वर्षी धुकं आणि भुरभुर पाऊस, अंगाला गारवा. दुसऱ्या वर्षी ऊन डोक्यावर आणि हवा अशी दमट की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग तापतं, अंग तापलं की हृदयाला त्वचेकडेही रक्त पाठवावं लागतं आणि पायांच्या वाट्याचं कमी होतं. एकवीस किलोमीटरच्या डोंगरात दोन मिनिटं इतक्यात सहज जातात. गर्दीत पाण्याच्या टेबलाशी अडकलात तरी जातात.

पहिल्या वर्षीची सोळा मिनिटं कुठून आली तेही समजून घ्या. माणूस नव्याने पळायला लागला की शरीर भराभर बदलतं. रक्ताचं प्रमाण वाढतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडावा तसं. पुढचे पाऊस इतके दिसत नाहीत. तुम्ही मात्र बँकेतले असल्यामुळे असेल, पहिल्या वर्षीचा व्याजदर कायमचा धरून तिसऱ्या वर्षाची मुदतठेव मोजलीत.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुमच्या दाराशी बूट आहेत तशी माझ्या बाल्कनीत सायकल होती.

मी ब्रेवे करते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने पार करायचा, वाटेत ठरावीक ठिकाणी, म्हणजे 'कंट्रोल'वर, कार्डावर शिक्का घ्यायचा, मदत कुणाची घ्यायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. चारही एकाच हंगामात केले की तुम्ही 'सुपर रँडोनर'. हे सगळं फ्रान्समधून आलेलं आहे, म्हणून नावं अशी तोंड वाकडं करायला लावणारी.

तर एका वर्षी मला सुपर रँडोनर व्हायचंच होतं. 200 झालं, 300 झालं. 400 ला रात्री दोन वाजता एका पेट्रोलपंपाच्या पायरीवर मी बसले ती उठलेच नाही. घरी फोन करून गाडी मागवली. त्यानंतर चार महिने सायकल बाल्कनीत. पहिल्या महिन्यात तिच्यावर कव्हर होतं, दुसऱ्या महिन्यात भाची त्यावर टॉवेल वाळत घालायला लागली, तिसऱ्या महिन्यात मीही घालायला लागले.

ती सायकल पुन्हा कशी निघाली? व्हिडिओ बघून नाही. घरातली स्कूटी पंक्चर होती आणि गिरणीतून दळण आणायचं होतं. ब्रेवेच्या पिशवीसाठी बसवलेल्या कॅरियरवर पिठाचा डबा बांधला आणि निघाले. येताना काय मनात आलं कोण जाणे, रंकाळ्याकडे वळले आणि पूर्ण एक फेरी मारली. मग आणखी एक. घरी आले तेव्हा डब्यातलं पीठ गार झालं होतं आणि मी कधी नव्हे इतकी खूश होते. किती किलोमीटर झाले ते आजही मला ठाऊक नाही.

हुरूप आधी येईल आणि मग आपण उठू, अशी वाट बघू नका. तो गाडीवानासारखा पुढे बसत नाही. बैल चार पावलं चालले की मागून धावत येऊन गाडीत उडी मारतो. तुमचे व्हिडिओ अर्ध्या तासात विझतात ते त्यामुळेच, ते बघताना तुम्ही पलंगावर असता.

पण कराडकर, उठून तुम्ही पुन्हा त्याच वाटेने पळालात तर महिन्याभरात परत मला पत्र लिहाल. म्हणून दुखणं कशात आहे ते बघू. माझ्या मते तुम्ही आनंद चुकीच्या आकड्याला बांधलात. शर्यतीची वेळ हा असा आकडा आहे की तो कधी ना कधी बिघडणारच. आज नाही तर पंचावन्नाव्या वर्षी, साठाव्या वर्षी. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाचाही बिघडतो. जो आकडा उतरणार हे नक्की, त्याच्यावर घर बांधलं की छप्पर कधी पडेल एवढाच प्रश्न उरतो.

वारकऱ्याला तुम्ही कधी 'टायमिंग काय लागलं?' असं विचारलंय का? आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, त्यात ऊन, पाऊस, चिखल, मुक्काम. तोही पल्लाच आहे. पण तो सांगतो काय, तर 'यंदाची माझी सव्विसावी.' हा आकडा कमी होत नाही. गुडघे कुरकुरले, सोबती गेले, पाऊल मंदावलं तरी सव्वीस ते सव्वीसच राहतात, झालेच तर सत्तावीस होतात.

दक्षिण आफ्रिकेत 1921 पासून कॉम्रेड्स नावाची अल्ट्रा मॅरेथॉन होते, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या मध्ये, सुमारे 90 किलोमीटर. आपल्याकडचेही बरेच जण दरवर्षी जातात, तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी असेलच. तिथे बारा तास झाले की बंदूक वाजते. ती वाजवणारा पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, कुणी दोन पावलं दूर राहिलंय हे बघून हात थरथरू नये म्हणून. असल्या कठोर शर्यतीतही दहा वेळा ती पूर्ण करणाऱ्याला त्याचा छातीवरचा नंबर हिरव्या रंगात कायमचा बहाल होतो. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दहाही वेळा तुम्ही शेवटच्या मिनिटाला आला असाल तरी तो तुमचाच.

आणि माझा सगळ्यात लाडका आकडा एका शास्त्रज्ञाचा आहे. आर्थर एडिंग्टन, 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात निरीक्षणं घेऊन आइनस्टाइनचं म्हणणं पडताळून बघणारे तेच. हा गृहस्थ सायकलवेडा होता. त्याने स्वतःसाठी एक हिशेब काढला: कमीत कमी जितके मैल, तितक्याच दिवशी चालवले असतील असा सगळ्यात मोठा आकडा कोणता? त्याचा 84 वर गेला होता. म्हणजे आयुष्यात निदान 84 दिवस असे, की त्या प्रत्येक दिवशी त्याने 84 किंवा त्याहून जास्त मैल सायकल मारली.

तुम्ही हे किलोमीटरमध्ये पळण्यासाठी करा. समजा आजवर बारा किंवा जास्त किलोमीटर तुम्ही बारा दिवस पळाला आहात, पण तेरा किलोमीटर पळालेले दिवस आठच आहेत. मग तुमचा आकडा 12. तेरावर जायला तेरा किलोमीटरचे आणखी पाच दिवस हवेत. ते कितीही हळू पळा, दोन तास लावा, मध्ये थांबून ऊस खा, चालतं. शाखाधिकाऱ्याला असला हिशेब आवडावा. हा आकडा घटत नाही, आजारपणात नाही की म्हातारपणातही नाही. माझा सायकलवरचा, किलोमीटरमध्ये, सध्या 61 आहे आणि 62 साठी तीन दिवस कमी पडतायत. हे सांगताना मी लहान मुलीसारखी फुशारते, हे माझं मलाच दिसतंय.

आता हळू पळण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'पाच महिने कसून तयारी केली.' मला शंका आहे की तुम्ही रोज कसून पळालात. हौशी माणसाचा हा ठरलेला घोळ: सोप्या दिवशी तो जरा जास्तच जोरात पळतो आणि मग जोराच्या दिवशी अंगात जोर नसतो. रोजच मधल्यामध्ये, ना धड विश्रांती, ना धड कष्ट. चांगले धावपटू आठवड्यातलं बहुतेक पळणं इतक्या सावकाश करतात की बघणाऱ्याला वाटावं, हे कसले धावपटू! ओळखायची खूण सोपी आहे: पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही', 'पुढे' एवढंच निघत असेल तर जोर जास्त झाला.

तुमच्या गुणगुणण्याचं उत्तरही मला इथेच दिसतं. पळाल्यावर येणाऱ्या त्या हलक्या आनंदाचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला द्यायचे. पण ते रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत. आता संशोधकांचा रोख शरीर स्वतःच बनवत असलेल्या, भांगेतल्या द्रव्याशी नातं सांगणाऱ्या पदार्थांवर जास्त आहे. ते मेंदूत सहज जातात, आणि काही प्रयोगांत असं दिसलं की मध्यम कष्टात ते वाढतात, फार जोर लावला तर तितके नाहीत. पहिल्या वर्षी तुम्ही साखरेच्या भीतीने, आपल्या मजेने, बोलत बोलत पळत होता. मग पेस आला. तुम्ही स्वतःच आपली भांग बंद केलीत! (हे वाक्य बँकेत मोठ्याने वाचू नका.)

म्हणून हे करा. घड्याळ सहा आठवडे वहिनींच्या कपाटात जाऊ दे, साड्यांच्या खाली. किल्ली त्यांच्याकडे. एडिंग्टनचा हिशेब त्यानंतर सुरू करा, आत्ता नाही, नाहीतर तुम्ही त्याचंही 2 तास 20 कराल. ग्रुप सोडायची गरज नाही, नुसता म्यूट करा. साडेचारचा गजर साडेपाचवर न्या. बूट घालून दाराबाहेर पडलात की त्या दिवसाचं काम झालं असं धरा, मग दहा मिनिटांत परत आलात तरी चालेल. आठवड्यातून एक दिवस पळूच नका, सदाशिवगड चढा. कराडातली कितीतरी माणसं सकाळी तिथे जातात, त्यात सत्तरीचे आजोबाही असतात आणि ते तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. वर जाऊन कृष्णेच्या काठचा ऊस बघा आणि उतरा.

आता तो क्लार्क.

कराडकर, एक माणूस तुमच्याकडे येऊन म्हणतोय की तुम्हाला जे मिळालं ते मलाही हवंय, आणि तुम्ही त्याला पेसचं कारण सांगताय. चार वर्षांपूर्वी प्रीतिसंगमावर तुम्हीही कुणाचा तरी पेस बिघडवलाच असणार. तिथे कोण तुमच्याशी बोललं, कुणी बुटांबद्दल सांगितलं, कुणी पहिल्यांदा 'चला, आज पाच करू' म्हटलं, ते आठवा. मंगळवार आणि शनिवार त्याला द्या. तो बोलेल, कारण साहेबांबरोबर पळताना माणूस घाबरून जास्तच बोलतो, आणि तुम्हाला उत्तरं द्यावी लागतील. म्हणजे तुमचा वेग आपोआप जिथे हवा तिथे राहील. साताऱ्याची पुढची नोंदणी दोघांची करा. ती भराभर भरते, तेवढ्यापुरता मात्र गजर साडेचारचाही चालेल. घाटात त्याच्या वेगाने जायचं, त्याच्यासोबत रेषा ओलांडायची. तीन तास लागले तर तीन.

माझी एक 200 ची ब्रेवे आठवते. कोल्हापूरहून निघून उंब्रजच्या पुढे वळसा घालून परत. गळीत हंगाम होता, हायवेवर उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग, आणि पेठनाक्याला माझ्या पायात गोळे आले. सगळे पुढे निघून गेले. किणीच्या अलीकडे एका टपरीवर मी सायकल टेकवून बसले. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, साडेसातला वेळ संपणार होती. टपरीवाल्या मामांनी विचारलं, 'कुठनं आलाय?'

'कोल्हापूरहून. उंब्रजला जाऊन आले, आता परत कोल्हापूर.'

'मंजे जिथनं निगाला तितंच चाललाय?'

'हो.'

'पैला नंबर आला तर काय देत्यात?'

मी सांगितलं, नंबरच नसतो. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला एकाच मोलाचे. इतकंच काय, ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलं तरी चालत नाही, 200 किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल 5 तास 53 मिनिटांच्या आत उघडतच नाही. आणि मेडल हवं असेल तर आपणच पैसे भरून घ्यायचं.

मामांनी बराच वेळ विचार केला. मग गाळणीतून चहा ओतत म्हणाले, 'आसं आसंल तर ह्यो च्या माज्याकडनं.'

मी 13 तास 11 मिनिटांत पोचले. ते मेडल मी मागवलं नाही. त्या चहाची चव मात्र आजही सांगू शकते: साखर जास्त, आलं कमी, दूध थोडं करपलेलं.

शेवटी दोन गोष्टी घाईने, पण गंभीरपणे. पळणं सोडून बाकीचंही नकोसं झालंय का, बँक, जेवण, मुलं, झोप? दोनतीन आठवडे सगळीकडेच असं मळभ असेल तर तो पळण्याचा प्रश्न नाही, डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. दुसरं, पाच महिने जास्त ताण दिल्यावर थकवा रेंगाळू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड आणि तुमची ती काठावरची साखर एकदा तपासून घ्या. आणि चढावर छातीत दडपण किंवा भोवळ असं काही झालं असेल, तर ते मला लिहायचं नाही, त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

हॉलमधला खिळा राहू द्या. त्यावर पिशवी टांगा, मंडईला जाताना सापडेल.

सहा आठवड्यांनी मला कळवा. पण पत्र तुम्ही लिहू नका, वहिनींना लिहू दे. आंघोळीला जाताना आवाज येतो की नाही, आणि येत असेल तर गाणं कोणतं, एवढंच त्यांनी कळवावं.

तुमची,
ताई